चाळिसाव्याची सहल

हुरघाड्याच्या किनाऱ्यावरच्या त्या रिसॉर्टात पोहण्याच्या तलावाला लागून एक लांब बार होता, बारच्या टोकाला टॉवेल देणारी खिडकी होती, आणि या दोहोंच्या मधल्या बोळकांडीत शाझलीचं टेबल होतं. टेबलामागे लक्सरच्या देवळाचं मोठं चित्र. उन्हानं त्यातला फॅरो इतका पांढरा पडला होता, की लोक ती टॉवेलांची जाहिरात समजून शाझलीकडेच टॉवेल मागायचे. शाझली उठून टॉवेल आणून द्यायचा. 'नाही' म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. नोकरीला लागला तेव्हा त्याला शिकवलंही होतं तेच: पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही, 'बघू या' म्हणायचं. पण खरं तर हे तो घरूनच शिकून आला होता. त्याचा बाप, लक्सरजवळच्या कुर्ना गावचा हाजी तायेब, दारात आलेल्या चोरालाही आधी चहा विचारणारा माणूस.

टेबलावर बसून शाझलीचं काम एकच. समुद्रात आणि तलावात डुंबायला आलेल्या माणसांना पाण्याबाहेर काढायचं आणि एका दिवसाच्या सहलीवर फॅरोंच्या कबरी बघायला न्यायचं. काम सोपं नव्हतं. लोकांच्या मनगटावर रिसॉर्टचा तो निळा पट्टा बांधलेला असायचा. पट्टा असेपर्यंत खाणंपिणं सगळं फुकट. तलाव सोडून लक्सरला जायचं म्हणजे आधीच पैसे भरलेलं दुपारचं जेवण सोडायचं, आणि तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी हा त्याग करायला फार थोडे लोक तयार असत.

"लक्सरला बीच आहे का हो?" ते विचारत.

"नाईल आहे," शाझली म्हणे.

"पिरॅमिड दिसतील?"

पिरॅमिड कैरोला, म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेला. "बघू या," शाझली म्हणे.

तर या शाझलीचा बाप वारला.

वारला तेव्हा शाझली बेटावरच्या सहलीला गेला होता, पाहुण्यांना मासे दाखवायला. तिथे फोनला रेंज नाही. संध्याकाळी बोट धक्क्याला लागली आणि फोन वाजायला लागला तो थांबेचना. गावी दफन त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत उरकतात. शाझली ओल्या चपलांनी धक्क्यावर उभा राहून ऐकत होता तोवर बापावर माती पडूनही गेली होती.

तो तसाच मॅनेजरकडे गेला. मिस्टर रामेझ हा वाईट माणूस नव्हता. फक्त हॉटेल भरलेलं असलं की त्याच्या डोक्यात दुसरं काही मावत नसे.

"अल्ला त्यांना जन्नत देवो," मिस्टर रामेझ म्हणाला. "दफन झालं?"

"झालं."

"झालं ना? मग आता जाऊन काय करणार तू? सीझन आहे, या शाझली. परवा दोन विमानं येतायत." आमच्या बोलीत हाक मारताना नावाआधी 'या' लावतात, 'अरे' म्हणतात तसं.

तीन दिवस गावात मंडप होता, सांत्वनाला येणाऱ्यांसाठी. तीन दिवस शाझली टेबलावर होता आणि कुणाला तरी बोटीच्या तळाच्या काचेतून मासे दिसतात की नाही ते सांगत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या काकाचा, बुगदादीकाकाचा फोन आला. बुगदादीकाका म्हणजे आता घरातला थोरला पुरुष. तो फोनवर ओरडत नसे. हळू बोले, आणि ते जास्त लागे.

"लोक विचारतात, थोरला मुलगा कुठाय. मी सांगतो, कामात आहे. तीन दिवस तेच सांगतोय. आता माझीच जीभ विटली."

"काका, चाळिसाव्याला येतो."

"येच. चाळिसाव्याला मंडपाच्या दारात हाजी तायेबचा मुलगा उभा हवा. लोकांचा हात हातात घ्यायला. तू नसलास तर तुझ्या जागी माझा पोरगा नुबी उभा राहील. आणि एकदा उभा राहिला की मग ती जागा त्याची. पुढे मी काही बोलणार नाही."

चाळिसावा दिवस गुरुवारी येत होता. शाझलीनं रजा मागितली. मिस्टर रामेझनं कपाळाला हात लावला. "तूच सांग, या शाझली, तुला काढलं तर टेबलावर कुणाला बसवू? माळ्याला?" मग त्याच्याच डोक्यात प्रकाश पडला. "अरे पण लक्सरची सहल गुरुवारीच जाते ना? सहलीबरोबर जा की. ड्यूटीची ड्यूटी होईल, बापाचंही होईल!" आणि आपण किती माणुसकीनं वागलो या आनंदात त्यानं शाझलीला मिठी मारली.

अडचण एवढीच, की तीस माणसं भरल्याशिवाय बस हलत नसे. आणि शाझलीकडे नावं आली होती सहा. त्यातले दोघं तापानं आडवे.

मग शाझलीनं आयुष्यात पहिल्यांदा मन लावून सहल आखली. आजवरची सहल म्हणजे कार्नाकचं देऊळ, जेवण, पूल ओलांडून राजांचं खोरं, राणीचं देऊळ, रस्त्याकडेचे ते दोन बसलेले दगडी राजे, आणि शेवटी अलाबास्टरच्या दगडी वस्तूंचं दुकान. दुकान लोकांना नको असायचं, पण दुकानदार गाडीवाल्यांना कमिशन देत, त्यामुळे ते यादीतून कधीच जात नसे. आता तेच दुकान शाझलीला अल्लानं धाडल्यासारखं वाटलं. कारण ते दुकान कुर्न्यात होतं, त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दुकानदार सादिक म्हणजे गावचाच माणूस. त्याच्या तावडीत सापडलेला पाहुणा फुलदाणी घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे. तो फुलदाणी उन्हात धरून दाखवी, पाण्यात बुडवून दाखवी, खाली टाकून दाखवी. तासभर तरी सहज. तेवढ्या तासात शाझली बापाच्या मंडपाच्या दारात उभा राहणार होता. त्यानं सादिकला फोनही केला.

"तीस डोकी आणतोय. तासभर सोडू नकोस."

"तू आण, या शाझली. तुझ्या बापाचे माझ्यावर उपकार आहेत. तू म्हणशील तितका वेळ धरून ठेवतो."

राहिला प्रश्न डोक्यांचा. जर्मन बाई होत्या फ्राऊ ट्राऊटे. वय झालेलं, दरवर्षी येत, दरवर्षी 'मला खरा इजिप्त बघायचाय' म्हणत आणि दरवर्षी तलावाच्या तिसऱ्या छत्रीखालून हलत नसत. शाझली त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"या वेळी खरा दाखवतो. शप्पथ."

"माणसं दिसतील? घरं?"

"घरात नेतो तुम्हाला," शाझली बोलून गेला. आमच्याकडे असं म्हणतातच. नाईलच्या मधोमध होडी चाललेली असताना काठावरच्या माणसाला 'या, जेवायला बसा' म्हणतात, तसं. काठावरचा माणूस 'अल्ला बरकत देवो' म्हणून आपल्या वाटेनं जातो. फ्राऊ ट्राऊटेंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी लगेच नाव दिलं आणि यजमानांसाठी काय न्यावं ते विचारलं.

व्हालेरी म्हणून एक दांडगा रशियन होता. त्याला पाणी सोडून कुठे जायचंच नव्हतं. त्याला शाझली म्हणाला, नाईलमध्ये पोहता येतं का ते बघू या. व्हालेरीनं त्याचा अर्थ 'येतं' असा घेतला.

तरीही बारा-तेरावर गाडी अडली. बुधवारी दुपारी शाझली हताश होऊन टॉवेलवाल्याला म्हणाला, "या लोकांना तलावातून काढायचं तर तलावच आटवायला हवा." बोलला तो हळूच, पण खिडकीशी टॉवेल घ्यायला उभी असलेली एक पोलिश बाई ते ऐकून गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या रिसॉर्टात झालं, की गुरुवारी तलाव धुवायला काढणार, पाणी सोडून देणार. कुणी म्हणे त्यात काहीतरी सापडलंय. लोक शाझलीकडे धावत आले.

"उद्या तलाव बंद आहे का?"

इथे 'नाही' म्हणायला हवं होतं. शाझली म्हणाला, "बघू या." आणि बस भरली. दोघांना तर जागा नाही म्हणून चालकाशेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसावं लागलं.

मिस्टर रामेझ लालबुंद होऊन आला. "ही अफवा कुणी उठवली, या शाझली?"

"शोधतो, मिस्टर रामेझ."

गुरुवारी पहाटे बस निघाली. प्रत्येकाच्या हातात नाश्त्याचं पुठ्ठ्याचं खोकं, त्यात एक उकडलेलं अंडं, एक कडक पाव आणि जाम. शाझलीनं काळी पँट, काळा शर्ट घातला होता. हातात काठीला लावलेलं प्लॅस्टिकचं मोठं सूर्यफूल. मागच्या वर्षी एक डॅनिश जोडपं कार्नाकच्या खांबांमध्ये हरवलं आणि दुसऱ्याच हॉटेलच्या बसमधून दुसऱ्याच शहरात गेलं होतं. तेव्हापासून हे फूल आलं. सफागा बंदर मागे पडलं तसा शाझलीनं माइक हातात घेऊन नेहमीचं बोलून घेतलं.

"हे फूल दिसेल तिकडे यायचं. मध्ये थांबायचं नाही, विचारायचं नाही. मी खड्ड्यात गेलो तर तुम्हीही खड्ड्यात. कळलं?"

सगळे हसले आणि 'कळलं' म्हणाले.

दिवस ठरल्याप्रमाणे गेला, असं म्हणायला हरकत नाही. कार्नाकमध्ये व्हालेरीनं पुजाऱ्यांच्या पवित्र तळ्यात पाय सोडले आणि पहारेकऱ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. जेवताना दोघांनी मनगटावरचा निळा पट्टा दाखवला आणि इथे तो चालत नाही हे ऐकून त्यांना आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आल्यासारखं वाटलं. राजांच्या खोऱ्यात शाझलीनं सगळ्यांना रांगेत उभं करून एकामागून एक तीन कबरी दाखवल्या. राजाला कुठे ठेवला होता, कसा ठेवला होता, बरोबर काय काय दिलं होतं, मुलानं कुठे उभं राहून काय म्हटलं होतं, सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज मध्येच बसला. फ्राऊ ट्राऊटेंनी त्याला खोकल्याची गोळी दिली.

दोन दगडी राजांपाशी फोटो झाले आणि बस कुर्न्यात शिरली. खिडकीतून शाझलीला डोंगर दिसला. त्याच डोंगरावर त्याचं जुनं घर होतं. घरांखाली जुन्या सरदारांच्या कबरी निघाल्या म्हणून सगळं गाव उठवून खाली सपाटीला आणून बसवलं. मेलेले वर राहिले, जिवंत खाली आले. हाजी तायेब अखेरपर्यंत त्या नव्या घराला 'बराक' म्हणायचा.

बस सादिकच्या दुकानासमोर थांबली. दुकानाचं शटर खाली.

शाझली उतरला. शटरवर खडूनं लिहिलं होतं: 'हाजी तायेबचं चाळिसावं. अल्ला त्यांच्यावर रहम करो.'

शाझली त्या अक्षरांकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. गावात मयताचं चाळिसावं असताना कुठलं दुकान उघडं राहतं? त्याच्या बापाचं चाळिसावं, आणि त्यातनं सादिक तेवढा वगळायचा, हे त्याच्या डोक्यात आलं तरी कसं? इतकी वर्षं पाहुण्यांना गाव दाखवून दाखवून तो स्वतःच्या गावाचा हिशेबही पाहुण्यासारखा करायला लागला होता. त्यानं सादिकला फोन लावला.

"तू म्हणालास धरून ठेवतो!"

"धरलं असतं रे. पण मला वाटलं तू आधी बापाकडे येशील, मग दुकानाकडे. मी मंडपात आहे. तू कुठायस?"

बसचा चालक उस्ता अवाद. त्याला शाझली म्हणाला, "उस्ता, एसी चालू ठेव, लोकांना आत बसव, मी आलोच." पण उस्ता अवाद शेजारच्याच गावचा. त्यानंही शटर वाचलं. "अरे, मग मलाही यायलाच हवं. हाजींच्या घरचं मीठ खाल्लंय मी," असं म्हणून त्यानं बस बंद केली, लोकांना खाली उतरवलं, दार कुलूपबंद केलं आणि शाझलीच्याही आधी मंडपाकडे चालायला लागला.

तीस माणसं उन्हात. शाझली त्यांना म्हणाला, "इथे भिंतीच्या सावलीत थांबा. हलू नका. मी पाच मिनिटांत आलो." आणि वळून चालायला लागला. आता तो भरभर चालत होता. समोर मंडपाचं कापड दिसत होतं, लाल-निळ्या तुकड्यांच्या नक्षीचं. माइकवरून कुराणाचं पठण ऐकू येत होतं. त्याला दारातली पुरुषांची रांग दिसली. रांगेत सगळ्यात पुढे एक जागा मोकळी होती. त्याच्यासाठीच. बुगदादीकाकानं ती खरंच मोकळी ठेवली होती. शाझलीचे डोळे भरून आले. मागे वळून बघायचं त्याला भान नव्हतं, आणि उजवा हात अजून वर आहे, हातात सूर्यफूल आहे, याचंही नव्हतं.

तो पोचला. काकानं त्याला छातीशी धरलं. "आलास," काका म्हणाला. "आलास, या वलदी, माझ्या पोरा. उभा राहा." शाझली त्या मोकळ्या जागेत उभा राहिला. शेजारी नुबी उभा होता. त्यानं मान हलवून सरकून जागा दिली. एक म्हातारा पुढे आला, शाझलीचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "त्यांचं उरलेलं आयुष्य तुला लागो." शाझली म्हणाला, "तुमचं आयुष्य उरो." आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. चाळीस दिवस तो रडला नव्हता. आता येणार, असं त्याला वाटलं.

एवढ्यात काकाची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थिजली.

पुढच्या माणसाचा हात हातात आला तो गोरा, तेलकट आणि फार मोठा होता. व्हालेरी. अंगात फुलाफुलांची अर्धी चड्डी, गळ्यात पाण्याखाली बघायचा चष्मा.

"अभिनंदन!" व्हालेरी मनापासून म्हणाला. "नवरदेव कोण?"

त्याच्यामागे फ्राऊ ट्राऊटे, हातात हॉटेलच्या आदल्या रात्रीच्या जेवणातनं राखून ठेवलेली खजुराची पुडी, यजमानांसाठी. त्यांच्यामागे पोलिश बाई, आणि तिच्यामागे वळणापर्यंत सगळे, टोप्या, फुगलेल्या पिशव्या आणि फोन हातात. पुढची माणसं हात मिळवत होती म्हणून तेही हात मिळवत आले. एकेक जण शाझलीचा, नुबीचा, काकाचा हात हलवून आत जात होता. त्यांचं काय चुकलं? फूल दिसेल तिकडे यायचं, विचारायचं नाही, असं त्यांना सांगितलेलं होतं. आणि मंडपाचं कापड तर अगदी हॉटेलच्या गुरुवारच्या 'अरेबियन नाईट'चंच होतं. गुरुवारी त्यांना तशा कापडाखाली कबाब मिळायचे.

"हे कोण?" काकानं ओठ न हलवता विचारलं.

"पाहुणे."

"कुणाचे?"

"हॉटेलचे."

"तू बापाच्या चाळिसाव्याला गिऱ्हाइकं घेऊन आलास?"

"काका, दुकान बंद होतं..."

पण दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, हाजी तायेबच्या दारातून तर नाहीच. "बसवा," काका तरण्या पोरांना म्हणाला. पोरं धावली. गावातल्या म्हाताऱ्यांनी उठून खुर्च्या दिल्या आणि स्वतः चटयांवर बसले. फ्राऊ ट्राऊटे पहिल्या ओळीत, पठण करणाऱ्या शेखसाहेबांच्या समोर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरा इजिप्त अखेर दिसत होता.

शेखसाहेबांचं एक आवर्तन संपलं. शांतता झाली. आणि व्हालेरीनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. शेखसाहेबांनी जन्मात कधी टाळ्या ऐकल्या नव्हत्या. त्यांनी नकळत मान किंचित झुकवली, मग एकदम दचकून ती वर केली आणि काकाकडे असं बघितलं, जणू चोरी त्यांनीच केलीय.

शाझली दारात होता. लोक येतच होते. 'उरलेलं आयुष्य तुला लागो,' ते म्हणत होते आणि त्याच्या हातातल्या फुलाकडे बघत होते. फूल कुठे ठेवावं ते त्याला कळेना. ठेवलं तर मागून हाका येतील, 'शाझली, आता कुठे जायचं?' धरलं तर ही शोभा. त्यानं ते खाली उतरवलं. लगेच आतून दोघं उठून उभे राहिले. त्यानं घाईनं परत वर केलं.

मग कॉफी आली. मयताच्या घरची कॉफी: काळी, कडू, साखरेचा कण नाही. आमच्यात साखर लग्नात असते, मूल झाल्यावर असते. मयतात साखर मागणं म्हणजे 'बरं झालं मेला' म्हणणं. जुन्या वैरात कुणी तसं केल्याच्या गोष्टी अजून सांगतात. त्यातल्या एकीत बंदुका निघाल्या होत्या.

फ्राऊ ट्राऊटेंनी एक घोट घेतला. चेहरा आवळला. मग सवयीनं हात वर करून गोड हसल्या.

"शाझली! थोडी साखर मिळेल?"

मंडपातलं एकही माणूस जर्मन शिकलेलं नव्हतं. पण बोटांनी चिमूट करून कपात ढवळायची खूण सगळ्या जगात एकच आहे. म्हातारे हलायचे थांबले. सादिक दुकानदारानं डोळे मिटले.

आता शाझलीनं नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. एवढंच. 'इथे नाही मिळत' म्हणायचं. फ्राऊ ट्राऊटेंनी त्यावर 'अस्सं!' म्हटलं असतं आणि कडू कॉफी घशाखाली घातली असती. शाझलीनं तोंड उघडलं. त्याच्या तोंडातून जे इतकी वर्षं निघत होतं तेच निघालं.

"एक मिनिट. बघतो."

आणि पाय घराकडे वळले. पायांनाच सवय होती. कुणी काही मागितलं की ते आणायला निघायचे.

आतल्या खोलीत बायका काळ्या कपड्यांत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्याची आई चुलीपाशी होती. चाळीस दिवसांत ती निम्मी झाली होती. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरला.

"तू आत का आलास? तुझी जागा दारात."

"यम्मा, साखर कुठाय?"

तिचे हात तसेच राहिले. "कुणाला हवीय?"

"पाहुण्यांना."

"साखर?"

"त्यांना माहीत नाही गं."

"त्यांना माहीत नाही," आई म्हणाली. "तुला?"

बाहेर शेखसाहेबांनी पुढचं सुरू केलं होतं. आई उठली, फळीवरचा, कापडानं बांधून ठेवलेला डबा काढला. चाळीस दिवसांत ती गाठ कुणी सोडली नव्हती. तिनं ती दातांनी सोडली.

"ने. तुझ्या आबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. दुसरं काही दिलं नाही त्यांनी तुला, हे एवढं दिलं. ने."

तो डबा घेऊन बाहेर आला. एका हातात डबा, दुसऱ्यात सूर्यफूल. मंडपात चालत असताना त्याला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. फ्राऊ ट्राऊटेंनी 'थँक यू' म्हटलं. त्यांचं बघून पोलिश बाईनंही कप पुढे केला. मग व्हालेरीनं तीन चमचे.

बुगदादीकाका दारातून आत आला. त्यानं शाझलीच्या हातातून डबा अलगद काढून घेतला. ताटातला एक भरलेला कप उचलला, त्यात एक चमचा साखर घातली, दुसरा घातला, नीट ढवळली, आणि कप शाझलीपुढे धरला.

"घ्या, शाझलीसाहेब," काका म्हणाला. "लांबून आलात. दमला असाल. बसा."

जन्मापासून त्यानं शाझलीला कधी 'अहो' म्हटलं नव्हतं.

"काका..."

"बसा ना. पाहुण्यांनी उभं राहू नये."

मयताच्या घरची कॉफी नाकारता येत नाही. व्हालेरीनं खुशीनं सरकून शेजारची खुर्ची थोपटली. शाझली बसला. त्यानं मान फिरवून बघितलं तर दारातल्या रांगेत पहिल्या जागेवर नुबी जाऊन उभा राहिला होता. पुढे आलेला माणूस त्याचा हात धरून म्हणत होता, उरलेलं आयुष्य तुला लागो.

शाझलीनं कॉफी प्यायली. गोड होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चांगली लागली. हॉटेलात तो रोज दोन चमचेच घ्यायचा.

उजेड असेपर्यंत निघायला हवं होतं. उस्ता अवादनं हॉर्न वाजवला. शाझलीनं फूल वर केलं आणि मंडपातून तीस माणसं उठली, रांगेनं बाहेर पडली. नुबीचा, काकाचा हात परत एकदा हलवून. फ्राऊ ट्राऊटेंनी खजुराची पुडी काकाच्या हातात ठेवली. काकानं ती छातीशी लावून आभार मानले. शाझलीची पाळी आली तेव्हा काकानं त्याच्याशीही हात मिळवला. अगदी तसाच.

बस वळली तेव्हा शाझलीला आठवलं, की कबरीवर जायचं राहून गेलं. त्या दिवसात त्यानं तीन कबरी दाखवल्या होत्या. त्यातल्या दोहोंत तर खाली उतरून.

*

पुढच्या आठवड्यात मिस्टर रामेझनं त्याला बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"या शाझली, तू हे लपवून का ठेवलंस?" त्यानं कॉम्प्युटर त्याच्याकडे फिरवला. पाहुण्यांनी भरभरून लिहिलं होतं. फ्राऊ ट्राऊटेंनी लिहिलं होतं, की आयुष्यात इतका हृद्य कार्यक्रम त्यांनी पाहिला नव्हता, गावकरी अगदी खरे वाटत होते. व्हालेरीनं लिहिलं होतं, संगीत छान, नाईलमध्ये पोहता आलं नाही, कॉफीसोबत साखर मागावी लागते.

"दर गुरुवारी ठेवू," मिस्टर रामेझ म्हणाला. "तोच मंडप, तोच शेख. तो फार चांगला आहे, त्यालाच सांग."

"मिस्टर रामेझ, ते माझ्या वडिलांचं चाळिसावं होतं."

"माहीत आहे रे. अल्ला त्यांच्यावर रहम करो." त्यानं जरा वेळ मान खाली घातली, त्या बाबतीत तो प्रामाणिक होता. "पण पुढच्या गुरुवारी कुणाचं आहे?"

शाझली 'बघतो' म्हणून बाहेर आला. 

दोन दिवसांनी त्यानं काकाला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला.

"काका, वर्षाच्या दिवशी येतो. आबांच्या."

"या की," काका म्हणाला. "घर तुमचंच आहे. फक्त एकटे या."

एकटं जायला रजा लागते. रजा मागितली तर बस मिळते. शाझलीनं मिस्टर रामेझला सांगितलं, 'आबांच्या वर्षाचा दिवस येतोय. मला एकट्याला जायचंय.' मिस्टर रामेझला पहिलं वाक्यच कळलं. वर्षाचाही कार्यक्रम असतो हे ऐकून त्यानं ती तारीख लगेच वर्षाच्या माहितीपत्रकात छापायला दिली.

माहितीपत्रक आलं त्या दिवशी शाझली टेबलावर बसला होता. मागे पांढरा पडलेला फॅरो, शेजारी टॉवेलांची खिडकी. मुखपृष्ठावर कुणा पाहुण्यानं काढलेला फोटो होता, त्यात लाल-निळा मंडप. मंडपाच्या दारात माणसांची रांग, रांगेत सगळ्यात पुढे नुबी, आणि कोपऱ्यात, खुर्चीवर, कॉफीचा कप हातात घेतलेला एक काळ्या शर्टातला प्रवासी. 

तलावातून एक जोडपं ओल्या अंगानं आलं. कुठलं ते कळेना, पण सभ्य होतं. बाईनं माहितीपत्रकाकडे बोट केलं.

"हे लक्सर. एका दिवसासाठी जाण्यासारखं आहे का? काही बघण्यासारखं आहे तिथे?"

शाझलीनं त्यांच्याकडे बघितलं. मग मागे वळून चित्राकडे बघितलं. नेहमीचं ते तोंडाशी आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"नाही," तो म्हणाला.

ऐकायला त्याला स्वतःलाच चमत्कारिक वाटलं. दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज असावा तसं.

"तिथे काही नाही," तो म्हणाला.

बाईचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. "बघ, मी म्हणतच होते," ती म्हणाली. "बरं झालं हो सांगितलंत." जाता जाता ती परत वळली. "एक टॉवेल मिळेल का?"

शाझली उठला आणि टॉवेल आणायला गेला.